देणाऱ्यांचा कायदा

आपला देश इतर देशांना मदत करतो. कुठे जमीन हादरली, कुठे वादळ आले, की इथून विमानाने तंबू, औषधे, धान्य आणि डॉक्टर जातात. कुठे शाळा बांधून दिली जाते, कुठे रस्ता. हे सगळे कोणत्या नियमाने करायचे, याचा एक स्वतंत्र कायदा असावा, असे दिल्लीतल्या एका संस्थेला वाटले आणि तिने मसुदा तयार केला. एका खासदारामार्फत तो अशासकीय विधेयक म्हणून लोकसभेत मांडायचा होता. अशासकीय विधेयकांचे पुढे काय होते, हे वर्तमानपत्राच्या टेबलावर नोकरी केलेल्या माणसाला कुणी सांगावे लागत नाही. ती मांडली जातात.

मांडण्याआधी लोकांचे मत घ्यायचे ठरले आणि त्यासाठी लातूरची निवड झाली. भूकंपानंतर लातूरला जगभरातून मदत आली होती. तेव्हा ज्यांनी घेतले, त्यांनी आता कसे द्यावे ते सांगावे, अशी कल्पना. कल्पना चांगली होती. अशा कार्यक्रमांची कल्पना नेहमीच चांगली असते. ती निमंत्रणाच्या पहिल्या परिच्छेदात छापलेली असते आणि तिथेच राहते.

नांदेडच्या दैनिकातून उपसंपादक म्हणून निवृत्त होऊन मला फार काळ झाला नव्हता. मसुद्याचे मराठी भाषांतर आणि सभेचे इतिवृत्त, अशी दोन कामे माझ्याकडे आली. ती देणारा सल्लागार मूळचा पुण्याचा होता. दिल्लीत बरीच वर्षे राहून त्याचे मराठी सुती कुर्त्यासारखे झाले होते: स्वच्छ, इस्त्रीचे आणि खास प्रसंगी घालायचे. आम्हा सगळ्यांना मिळून तो 'ग्राउंड' म्हणे. "ग्राउंडवरून काय येतंय ते बघू या," असे तो फोनवर कुणाला तरी सांगत असे, तेव्हा ग्राउंड समोर बसून चहा पीत असे.

मसुद्याची भाषा वाईट नव्हती. भाषांतर करताना एक गोष्ट लक्षात आली. देणारा प्रत्येक कलमात काही ना काही करत होता: ठरवत होता, पाठवत होता, तपासत होता. ज्याला द्यायचे त्याला 'लाभार्थी' म्हटले होते. लाभार्थी संपूर्ण मसुद्यात एकदाही तोंड उघडत नव्हता. एका कलमाचे शीर्षक 'दृश्यता' असे होते. पाठवलेल्या प्रत्येक वस्तूवर देशाचे नाव व ध्वज ठळक दिसावा आणि ती लाभार्थ्याच्या हाती देतानाचे छायाचित्र पुरावा म्हणून जोडावे, असे ते कलम होते.

लातूरच्या सभेआधी नांदेडला एक छोटी बैठक झाली. तिला नायगावच्या ग्रामीण रुग्णालयातल्या एक परिचारिका आल्या होत्या. वय चाळिशीचे. त्यांचे माहेर औसा तालुक्यातल्या, भूकंपात पडलेल्या एका गावातले. बाकीचे लोक मदतीच्या व्याख्येवर बोलले. या बाईंनी एकच वाक्य सांगितले आणि ते कायद्यात घाला म्हणाल्या: मदत घेणाऱ्याचा फोटो त्याला विचारल्याशिवाय काढू नये, वापरू नये, आणि त्याने नको म्हटले म्हणून मदत अडवू नये.

"व्हेरी पॉवरफुल," सल्लागार म्हणाला. "ताई, हे तुम्ही लातूरला जरूर बोला."

त्याने ते लिहून घेतले नाही. मी घेतले.

चहाच्या वेळी त्यांना मी विचारले की कायदा आपण बाहेरच्या देशांना देण्याच्या मदतीचा आहे, त्यात तुम्हाला हे वाक्य कशासाठी हवे. त्यांनी मोबाइलवर एक फोटो दाखवला. तो मला माहीत होता. मराठवाड्यात तो न पाहिलेला माणूस शोधावा लागेल. ढिगाऱ्यापुढे उभी असलेली सात-आठ वर्षांची मुलगी, छातीशी धरलेले पांघरूण, गालांवर मातीतून वाहिलेले पाणी. फोटोओळ नेहमी एकच: भूकंपाने अनाथ केलेली बालिका. आमच्या दैनिकाने तो छापला नव्हता. त्यात सभ्यपणा काही नव्हता. तो आम्हाला वेळेत मिळाला नाही.

"ही मी," बाई म्हणाल्या.

पुढचे त्यांनी रुग्णाचा इतिहास सांगावा तसे सांगितले. पांघरुणावर वाघाचे चित्र होते. वाघ बघून त्या हसू लागल्या. फोटोवाला म्हणाला, हसू नको बाळ. तरी हसू थांबेना. मग तो आईला म्हणाला, बाई, तुम्ही जरा बाजूला व्हा. आई बाजूला झाली, आणि ती दिसेना म्हणून मुलगी रडली. तो क्षण त्याने टिपला.

"म्हणजे आई..."

"आई हाय की. औशात असते, भावाकडे. जिनं मला मातीतून हातानं उकरून काढलं, तिलाच फोटोखाली मारून टाकलं."

तेव्हापासून तो फोटो कुठे कुठे लागला, हे त्या सांगत गेल्या. अहवालांवर, कॅलेंडरवर, त्यांच्या नर्सिंगच्या वसतिगृहात रक्तदानाच्या फलकावर. दर स्मृतिदिनाला औशाच्या चौकात. शेजारच्या बायका आईला हसून विचारत, "काय म्हातारे, औंदा बी मेलीस का?" आई आधी हसण्यावारी नेई. आता नेत नाही. आता ती म्हणते, खरंच मरंन तवा लावा म्हणावं. तवर तरी काढा.

"पांघरूण चांगलं होतं," बाई म्हणाल्या. "लई वर्षं पुरलं. पांघरुणाबद्दल माझी काही तक्रार न्हाई. पण उद्या आपलं विमान जिथं जाईल, तिथं पण एखादी पोरगी असेलच ना? तिची आई पण बाजूला उभी असेल." मग त्या म्हणाल्या, "ही सगळी कहाणी तुम्ही इतिवृत्तात लिहू नका. ते वाक्य तेवढं लिहा."

"विधेयक बहुधा मंजूर होणार नाही," मी म्हणालो.

"न होऊ द्या. छापलेलं तर राहील. आईला दाखवता येईल, बघ, आता विचारावं लागतं म्हणून."

लातूरची सभा एका मंगल कार्यालयात होती. लग्नसराई संपली होती, पण खुर्च्यांच्या पाठीला गुलाबी फिती तशाच होत्या. स्वागताध्यक्ष डाळीचे मोठे व्यापारी होते. कपाळावर विभूतीचे पट्टे, पांढरे कपडे, हातात दोन मोबाइल. त्यांना सगळे अण्णा म्हणत. कार्यालय, जेवण, माइक, हार हे सगळे अण्णांनी केले होते आणि ते आपण केले हे प्रत्येकाला वेगळे भेटून सांगत होते. वाईट माणूस नव्हता. त्याला कुणाला काही द्यायला मनापासून आवडत असे. दिलेले कुणी पाहिले नाही, तर मात्र त्याला ते दिल्यासारखे वाटत नसे.

"पत्रकार साहेब, बॅनर बघितलं का?" अण्णांनी मला धरून व्यासपीठाकडे वळवले.

बॅनर व्यासपीठाच्या रुंदीचे होते. उजव्या बाजूला विमान आणि पोत्यांची थप्पी. डाव्या बाजूला ती मुलगी, पांघरूण, माती, पाणी. मध्ये मोठ्या अक्षरांत: काल घेणारे, आज देणारे.

"कॉम्प्युटरवाल्याला म्हणलं, रडती पोरगी पाहिजे म्हणजे पाहिजे," अण्णा म्हणाले. "त्याशिवाय बघणाऱ्याच्या काळजात जात न्हाई."

बाई थोड्या वेळाने आल्या. आदल्या दिवशी त्या आईकडे मुक्कामी होत्या. खांद्याच्या पिशवीत फडक्यात बांधलेला डबा होता. दारातून आत येताना त्यांनी बॅनर पाहिले. त्या थांबल्या नाहीत. पुढच्या रांगेत, बॅनरच्या अगदी समोर, जाऊन बसल्या.

सत्काराचे वर्णन करत नाही. तो झाला आणि बराच वेळ झाला.

मग सल्लागाराने मसुदा समजावून सांगितला आणि 'दृश्यता' हा शब्द उच्चारताच सभेत जीव आला. त्याआधी लोक मोबाइल बघत होते. अण्णा माइकवर उठले.

"साहेब, तुम्ही पोत्यावर देशाचं नाव म्हणता. ठीक हाय. पण डाळ कुठली? लातूरची. मग लातूरचं नाव कुठं?"

टाळ्या पडल्या. मागून नांदेडचा एक जण ओरडला, "हळद आमच्याकडची जाते! नांदेड लिहा!"

"लिहा की!" विभागीय आयुक्तालय नांदेडला की लातूरला, हे जुने भांडण उकरून लातूरकडून कुणीतरी उत्तर दिले. "आयुक्तालय पाहिजे, आता पोतं बी पाहिजे!"

हशा झाला. धर्माबादच्या एका आडत्याने सुचवले की मिरची पाठवली तर तिच्या पिशवीवर धर्माबाद स्वतंत्र असावे. उदगीरच्या गृहस्थांनी जिल्ह्याच्या खाली तालुका लिहिण्याची मागणी केली. पोते किती मोठे आहे, यावर थोडी चर्चा झाली. परदेशात भुकेलेला माणूस ही नावे कोणत्या क्रमाने वाचील, हा प्रश्न सभेने गंभीरपणे घेतला.

अण्णा पुन्हा उठले. या वेळी त्यांच्याजवळ मुद्दा नव्हे, तत्त्व होते.

"आपल्यात लग्नात आहेर देतात तर काय करतात? माइकवर पुकारतात. अमक्याकडून एवढं, तमक्याकडून एवढं. आहेर पुकारला न्हाई तर दिला हे कळतं कुणाला? आणि घेणाऱ्याला तरी कसं ध्यानात राहील, उद्या आपल्याला उलट करायचाय म्हणून? तर माझी सूचना अशी की आपली मदत जिथं वाटतील तिथं भोंगा लावावा आणि त्यांच्या भाषेत पुकारावं."

सल्लागार खुर्चीत पुढे सरकला. सबंध दिवसात तो पहिल्यांदा लिहीत होता. "हे फार इंटरेस्टिंग आहे," तो म्हणाला. "ही तर इथली पारंपरिक उत्तरदायित्वाची पद्धत झाली."

लग्नात पुकारलेल्या रकमेवरून घरी जाताना कशी भांडणे होतात, हे त्याला सांगायला कुणी उठले नाही. अर्ध्या सभेच्या घरी निमंत्रणपत्रिकेवर 'आहेर आणू नये' असे छापलेले असते आणि मांडवात माइक चालूच असतो. ज्यांनी आयुष्यभर आहेर नको म्हणून छापले आणि नको म्हणूनही घेतला, त्यांनी आता तो प्रकार आंतरराष्ट्रीय करायचे ठरवले. एकमताने.

बाईंचा क्रमांक शेवटी लागला. स्वयंपाक तयार असल्याचा निरोप आलेला होता आणि मागच्या रांगा उठण्याच्या बेतात होत्या. बाईंनी माइक घेतला नाही. जागेवर उभे राहून नांदेडला सांगितलेले वाक्य जसेच्या तसे सांगितले.

"सूचना संवेदनशील आहे," सल्लागार म्हणाला. "पण ताई, प्रॅक्टिकली बघा. फोटो नसेल तर मदत पोहोचली हे संसदेला कसं कळणार? आणि आपण चांगल्यासाठीच काढतो. लाभार्थ्याची हरकत का असेल?"

"विचारलं का त्याला?"

"कुणाला?"

बाईंनी बॅनरकडे बोट केले. "हिला."

अण्णा हसले. ते समजुतीने बोलू लागले. "सिस्टर, ती पोरगी आता कुठं सापडायची? किती वर्षं झाली. आणि कुणाला विचारणार? अनाथ होती बिचारी."

"तिची आई औशात हाय," बाई म्हणाल्या. "सकाळी भाकरी बांधून दिली तिनं." त्यांनी पिशवीतला डबा बाहेर काढून समोरच्या टेबलावर ठेवला. "मी हाव ती."

त्या क्षणी मला वाटले, आता एखादा तरी माणूस खाली बघेल. इतकी वर्षे बातम्या लिहून झाल्यावर हे वाटायला नको होते.

"अरे!" अण्णा ओरडले. "अरे ह्याच का त्या! अहो, आधी न्हाई का सांगायचं?" त्यांचा चेहरा आनंदाने भरून आला होता, आणि तो आनंद खरा होता. "कुठं गेला फोटोवाला? बोलवा त्याला! सिस्टर, वर या, वर या. इथं, फोटोखाली उभ्या ऱ्हावा. शाल आणा रे! तवा पांघरूण, आता शाल. काय योग हाय बघा!"

उठलेले लोक परत बसले. सगळ्यांचे मोबाइल वर आले. फोटो विचारून काढावा असे म्हणणाऱ्या बाईचे, तिने ते म्हणून पुरते खाली बसण्याआधी, न विचारता किती फोटो निघाले ते सांगता येणार नाही. सल्लागारही काढत होता. "थेन अँड नाउ," तो माझ्या कानाशी म्हणाला. "कव्हरला घेऊ."

बाई व्यासपीठावर गेल्या. अण्णा दोन्ही हातांत शाल उलगडून उभे राहिले, आणि फोटोवाला गुडघ्यावर बसला.

"शाल नको," बाई म्हणाल्या.

"नको कसं? मानाची हाय. नको म्हणायचं नसतं."

"द्यायचंच तर हे बॅनर द्या."

अण्णा क्षणभर गोंधळले. मग त्यांना त्यातही देता येण्यासारखे काहीतरी दिसले. "द्या म्हणजे? तुमचंच हाय! घ्या! थांबा, पुकारतो." ते माइककडे वळले.

बाई थांबल्या नाहीत. पदर खोचून त्या स्टुलावर चढल्या आणि कोपऱ्याची सुतळी सोडू लागल्या. गाठ घट्ट होती. त्यांनी ती दातांनी सोडली. एक कोपरा सुटला आणि विमान पोत्यांसकट खाली आले. दुसरा सुटल्यावर मुलगी आली. माइकवरून अण्णांचा आवाज चालला होता: "स्वागत समितीच्या वतीने, सिस्टरना, हे बॅनर, सप्रेम भेट!" टाळ्या कडाडल्या.

"दिलं म्हणू नका," बाई म्हणाल्या. त्यांना माइक नव्हता, तरी पुढच्या रांगांना ऐकू गेले. "मी काढून न्यायलेय."

त्यांनी फ्लेक्सची गुंडाळी केली, खांद्यावर घेतली आणि फोटोवाल्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. "सिस्टर, इकडे! सिस्टर, जरा तोंड इकडे!" असे तो म्हणत राहिला. अण्णाही परत शाल उलगडून हसत उभे होते. त्या वळल्या नाहीत. तशाच मागच्या पायऱ्यांनी उतरून टेबलावरचा डबा घेऊन निघाल्या. बाजूच्या दाराबाहेर मांडवाचे सामान पडले होते. त्यातून वाट काढत त्या रस्त्याला लागल्या.

जेवायला मठ्ठा आणि जिलेबी होती. पंगतीत विषय निघाला तो असा की बाईंना जरा ताठा आहे.

इतिवृत्त मी दोन दिवसांत दिले. बाईंचे वाक्य त्यात जसेच्या तसे होते, आणि ते कुणी मांडले, त्यावर काय उत्तर मिळाले आणि नंतर काय घडले, तेही होते. सल्लागाराचा फोन आला. इतिवृत्त उत्तम आहे, पण 'नंतरचा भाग' विषयाबाहेरचा वाटतो, असे तो म्हणाला. मी म्हणालो, विषय तोच होता. त्याने आभार मानले.

पुढच्या उन्हाळ्यात सुधारित मसुदा छापून आला. गुळगुळीत कागद, मराठी आवृत्तीही होती. भाषांतर आता दुसऱ्याच कुणाचे होते. मला सोलापूरला जायचे होते. बाईंना फोन केला, तर त्या म्हणाल्या की रजा नाही, पण वाटेत औसा लागतेच. आईला दाखवून जा.

बस किल्ल्याच्या अलीकडे उतरवते. घर चौकाच्या मागे, स्लॅबचे. भिंतीवर बुद्धाची एक तसबीर, दुसरे एकही चित्र नाही. म्हातारी वर गच्चीवर होती. गच्चीभर ते बॅनर पसरलेले होते, छापील बाजू खाली आणि पांढरी बाजू वर. त्यावर कुरडया वाळत होत्या. चार कोपऱ्यांवर विटा.

"लेकीनं पाठवलं का? बसा सायेब. सावलीला बसा," ती म्हणाली. "वाचा."

मी पुस्तिका उघडली. कलम शोधून वाचले: मदत सुपूर्द करताना देणाऱ्याचे नाव स्थानिक भाषेत जाहीर करावे. खाली टीप होती, लातूरच्या परंपरेवरून. पुढचे उपकलम: लाभार्थ्याचे छायाचित्र सन्मानपूर्वक काढावे.

"काढावंच म्हन की," म्हातारी म्हणाली.

"काढावेच."

"इचारून काढावं, आसं कुठं हाय?"

"ते नाही."

तिने पुस्तिका हातात घेतली. मुखपृष्ठावर लातूरच्या कार्यालयातला फोटो होता. अण्णा दोन्ही हातांत शाल उलगडून हसत उभे, आणि त्यांच्यापलीकडे एका बाईची पाठ, खांद्यावर गुंडाळी. म्हातारीने तो डोळ्यांजवळ धरला.

"ही तिचीच पाठ," ती म्हणाली. "खाली काय लिवलंय?"

मी वाचून दाखवले: लाभार्थी महिलेला साहित्य सुपूर्द करताना मान्यवर.

"मला मारलं न्हाई ना ह्यात?"

"नाही."

"मग ह्याला मारलं आसंल," असे म्हणत तिने अण्णांच्या चेहऱ्यावर बोट ठेवले आणि दात नसलेल्या तोंडाने हसली. मग उठली. ओळीने कुरडया उलटत गेली. एके ठिकाणी फ्लेक्स वाऱ्याने उचलला गेला होता आणि खालून पांघरुणाचा कोपरा दिसत होता, वाघाच्या पंजाचा. तिने पायाने तो दाबून सारखा केला आणि वीट सरकवली.

निघताना मी पुस्तिका तिच्यासाठी म्हणून तिथेच ठेवली होती. जिन्यात असताना तिने हाक मारली.

"आवं सायेब, तुमचं ऱ्हायलं. घेऊन जावा. हितं वाळवण हाय, जागा न्हाई."